धावकाचा गुडघा आणि रुग्णांचा पैसा : सोलापुरातील एका निधी-संकलनाचा प्रकरण अभ्यास

सोलापुरातील एका लहान सार्वजनिक न्यासाचा मी मानद खजिनदार आहे. कर्करोगाच्या ज्या रुग्णांना किरणोपचारासाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ 'शेक' म्हणतात त्यासाठी, तालुक्याच्या गावांतून शहरात येऊन राहावे लागते, त्यांच्या निवासाची, दोन वेळच्या जेवणाची आणि एसटीच्या भाड्याची सोय हा न्यास करतो. २०२३ च्या पावसाळ्यात एका अनुदानित शाळेतील गणिताचे शिक्षक आमच्याकडे आले. जानेवारी २०२४ मधील मुंबई मॅरेथॉनची पूर्ण धाव, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, या कामासाठी धावायची आणि त्यानिमित्ताने तीन लाख रुपये उभे करायचे, असा संकल्प त्यांनी सांगितला. पुढच्या सहा महिन्यांत रक्कम ठरल्यापेक्षा थोडी जास्तच जमली. धाव मात्र पूर्ण झाली नाही. या प्रवासात दोन चुका झाल्या, त्यांतील एक सरांची आणि एक माझी. बराच विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे की त्या दोन्हींचे मूळ एकच होते. जो पैसा पहिल्या रुपयापासून रुग्णांचा असायला हवा होता, तो आम्ही काही काळ सरांवर अवलंबून राहू दिला, आधी त्यांच्या बँक खात्यावर आणि नंतर त्यांच्या गुडघ्यावर. संबंधितांच्या इच्छेनुसार येथे कोणाचेही नाव दिलेले नाही. आकडे न्यासाच्या वहीतले आहेत.

गरज कशाची होती

उपचाराचा खर्च हा आमच्या कामाचा विषय नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण देणगी मागताना सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न आला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होते. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार यांचा मोठा भार आज तीच उचलते. त्यामुळे 'सरकार सगळं फुकट करतंय की, मग तुम्ही पैसे कशाला गोळा करता?' असे लोक विचारत. ते चुकीचे विचारत नव्हते.

याचे उत्तर उपचाराच्या वेळापत्रकात आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिले जाणारे किरण साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस द्यावे लागतात. जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून देतात, आणि त्यानंतर आतून किरण देण्याचे, ब्रॅकीथेरपीचे, काही टप्पे होतात. हे सारे मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवावे असा वैद्यकीय दंडक आहे, कारण मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. करमाळा, सांगोला किंवा अक्कलकोट तालुक्यातील आडगावाहून रोज ये-जा करून पंचवीस शेक घेणे किती कठीण आहे, हे ज्याने त्या गाड्यांतून प्रवास केला आहे त्याला सांगावे लागणार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट झाले, हे खरेच मोठे काम झाले. पण सोबतच्या मुलाला किंवा नवऱ्याला पूर्ण तिकीट पडते, आणि दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अंगात थकवा भरतो, जुलाब सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी घरातले पैसे संपलेले असतात.

या परिसराला हा आजार अनोळखी नाही. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळले. ज्या भागातील बायांनी जगाला एवढे शिकवले, त्याच भागातील एखाद्या बाईचा शेक भाड्यापायी चुकावा, हे मला सहन होत नाही, आणि मी या न्यासात आहे तो त्यामुळेच.

सरांना ही गोष्ट शाळेतच कळली. त्यांच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी तिसऱ्या आठवड्यात सलग सात दिवस शेकाला गेल्या नाहीत, कारण यंत्रमागावर काम करणाऱ्या त्यांच्या मुलाला आणखी खाडे परवडत नव्हते. 'एका आठवड्यानं काय होतंय, सर,' असे त्या म्हणाल्या. काय होते, ते सरांनी डॉक्टरांकडून समजून घेतले आणि त्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले. आमच्या हिशेबाने एक रुग्ण आणि सोबतची एक व्यक्ती यांच्यावर संपूर्ण उपचारकाळात सरासरी बारा हजार रुपये खर्च होतो. तीन लाख हा आकडा तेथून आला : पंचवीस रुग्ण.

संकल्प आणि त्याचे कार्ड

सर तेव्हा ४४ वर्षांचे होते. अर्धमॅरेथॉन त्यांनी अनेकदा पूर्ण केली होती, पूर्ण मॅरेथॉन एकदाही नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये २००४ पासून अनेक संस्थांसाठी मोठा निधी उभा राहत आला आहे आणि त्यासाठी तेथे संस्थांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था आहे; आमचा न्यास त्या व्यवस्थेत नव्हता आणि त्या वर्षी त्यात शिरण्याइतका वेळही उरला नव्हता. म्हणून सरांनी सामान्य धावक म्हणून नाव नोंदवले आणि निधीचे काम आम्ही सोलापुरातच करायचे ठरवले. प्रवेश शुल्क, बूट, प्रवास, कार्डांची छपाई हा सगळा खर्च त्यांचा स्वतःचा राहील, देणगीतील एकही रुपया त्याला लागणार नाही, हे त्यांनी पहिल्या बैठकीतच लिहून दिले. पुढे लोकांचा जो विश्वास टिकला, त्यात या एका ओळीचा वाटा फार मोठा होता.

लोकांना ४२ किलोमीटर म्हणजे किती हे समजावण्याची गरज पडली नाही. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला हजारो माणसे पायी जातात, ते अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरात ते चाललेले कोणी ना कोणी असतेच. 'म्हणजे तुळजापूरला पळत जायचं,' असे एका पालकांनी म्हटले आणि पुढे आम्हीही तसेच सांगू लागलो. सरांचा सराव लोकांना दिसत होता. आठवड्याच्या धावा संभाजी तलावाकाठी आणि होटगी रस्त्यावर, रविवारची लांब धाव विजापूर रस्त्याने सोरेगावच्या पुढे. पहाटे साडेचारला निघणारा माणूस दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगारांना रोज दिसतो. तो काय करतो आहे हे त्यांना विचारावेसे वाटते, आणि विचारणाऱ्यांतले बरेच जण पुढे देणगीदार झाले. छापील आवाहनापेक्षा या पहाटेच्या ओळखीने जास्त काम केले, असे माझे निरीक्षण आहे.

देणगीचे वचन लिहून घेण्याच्या कार्डाची कल्पना मात्र माझी होती. प्रत्येक किलोमीटरमागे आपण किती रुपये द्याल, असा एक रकाना मी त्यात घातला. किलोमीटरला शंभर रुपये म्हटले की बेचाळीसशे होतात, आणि एकदम बेचाळीसशे मागण्यापेक्षा शंभर मागणे सोपे जाते, हा माझा बँकेतला हिशेब होता. तो यशस्वी झाला, आणि का झाला हे मला नंतर समजले. सोलापूर हे तुकड्यावर मजुरी मोजणारे गाव आहे; विडीचा दर हजारी असतो, यंत्रमागाचा कापडाच्या मापावर. जेवढे काम तेवढा दाम ही भाषा येथे रक्तात आहे. त्यात नवसाची भावना मिसळली : पोहोचल्यावर फेडायचे. एकूण ४१ जणांनी कार्डे भरली आणि त्यांची बेरीज किलोमीटरला ३,१५० रुपये, म्हणजे ४२ किलोमीटरला १,३२,३०० रुपये झाली. ही रक्कम धाव झाल्यावर द्यायची होती. सर मध्येच थांबले तर काय, हे कार्डावर कोठेच लिहिलेले नव्हते, आणि ते लिहायला हवे असे मला सुचलेही नाही. बँकेत तीस वर्षे कर्जाचे कागद तपासलेल्या माणसाकडून हे व्हायला नको होते.

पहिली अडचण : खाते

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी मोबाइलवर आवाहन पाठवले, आणि त्याखाली सोयीसाठी स्वतःचा नंबर दिला. न्यासाचा क्यूआर कोड अजून निघायचा होता. लोक तर त्याच दिवशी पैसे पाठवायला तयार होते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ११८ जणांचे ८६,४०० रुपये त्यांच्या पगाराच्या खात्यात जमले. त्याच खात्यातून घराचा हप्ता, विम्याचा हप्ता आणि मुलीच्या शिकवणीची फी जात होती. एकाही रुपयाची अफरातफर नव्हती. वहीत प्रत्येक नाव लिहिलेले होते. तरीही जेव्हा एका डॉक्टर देणगीदारांनी ८० जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली, तेव्हा आम्ही किती अडचणीत आहोत हे उघड झाले.

अडचणी तीन होत्या आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या होत्या. पहिली अशी की न्यासाला ज्याच्याकडून पैसा मिळतो, त्याच्याच नावाने ८० जी ची पावती देता येते. सरांनी सगळी रक्कम एकगठ्ठा आमच्या खात्यात भरली असती तर ११८ जणांची देणगी कागदावर एकट्या सरांची ठरली असती. शिवाय २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून न्यासाला दरवर्षी ३१ मेपर्यंत १० बीडी या नमुन्यात देणगीदारांची नावे व पॅन यांचे विवरण आयकर खात्याकडे भरावे लागत असे आणि त्यावरून प्रत्येकाला १० बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागत असे, त्यामुळे 'नंतर पाहू' म्हणण्याची सोय राहिलेली नव्हती. दुसरी अडचण सरांची स्वतःची होती. नातेवाईक नसलेल्यांकडून मोबदल्याशिवाय वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५६ नुसार ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाऊ शकत होती. हा पैसा आपला नाही, आपण फक्त वाहक आहोत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरांवर आली असती. तिसरी गोष्ट गणेशोत्सव मंडळांत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते : नोंदणीकृत न्यास नसलेल्याने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची वाट धरावी लागते. मंडळाच्या मांडवासाठी आपण जे पाळतो, ते मॅरेथॉनच्या उत्साहात आमच्या कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

सनदी लेखापालांशी बोलून आम्ही जो मार्ग काढला तो कष्टाचा होता, पण आजही तोच बरोबर वाटतो. ११८ पैकी ज्या २३ जणांना ८० जी ची पावती हवी होती, त्यांचे ४७,५०० रुपये सरांनी एकेकाला परत पाठवले आणि तेच पैसे थेट न्यासाच्या खात्यात भरण्याची विनंती केली. २१ जणांनी ४५,००० रुपये पुन्हा भरले. दोघांकडून राहून गेले, आणि त्यांना तिसऱ्यांदा आठवण करणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. उरलेल्या ९५ जणांकडून 'माझी देणगी सरांमार्फत न्यासाला द्यावी' असा संदेश लेखी घेऊन त्यांचे ३८,९०० रुपये नावांच्या यादीसह न्यासाकडे वळवले आणि प्रत्येकाला साधी पावती दिली. हे काम चोवीस दिवस चालले. त्या दिवसांत सर पहाटे धावत होते आणि रात्री पैसे परत करत होते. घरी त्यांच्या पत्नीने एकदा विचारले की लोक पैसे देतात आणि तुम्ही परत का करता, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देणे खरोखरच सोपे नव्हते.

यातून एक उपप्रश्न निघाला तो सांगण्यासारखा आहे. पावती मागणाऱ्यांपैकी अनेक शिक्षकांनी नवी करप्रणाली स्वीकारलेली होती, आणि तीत ८० जी ची वजावट मिळतच नाही. हे आम्ही आधीच स्पष्ट केले असते तर त्यांतील काहींनी परत-भरणा टाळला असता. देणगी मागताना करसवलतीचा उल्लेख आपण फार सैलपणे करतो. जुनी प्रणाली निवडलेल्यालाच, तेही ठरावीक मर्यादेत आणि रकमेच्या निम्म्यावर, अशी ही सवलत आमच्यासारख्या न्यासांच्या बाबतीत असते. तेवढेच शब्द लिहावेत.

रोख आणि परदेश

न्यासाचा क्यूआर कोड २० ऑक्टोबरला हाती आला आणि त्यानंतर थेट खात्यात ९१,२५० रुपये आले. रोख रकमेसाठी आम्ही कुलूपबंद डबे ठेवले आणि ते दोन विश्वस्तांसमोर उघडून मोजले. त्यांतून २७,३५० रुपये निघाले. शाळेत मात्र डबा ठेवला नाही. विद्यार्थ्यांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असे मुख्याध्यापिकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते आणि ते योग्यच होते, कारण वर्गशिक्षक मागतो तेव्हा मुलाला नाही म्हणता येत नाही.

डब्यांतील सर्वांत जड डबा विडी कामगार बायांच्या वस्तीतला होता आणि त्यात बहुतेक दहा-वीसच्या नोटा होत्या. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदारांनी पाच हजार रोख देऊन ८० जी ची पावती मागितली. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत लागू होत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी निमूटपणे धनादेश दिला. सरांचा अमेरिकेतील एक पुतण्या पाचशे डॉलर पाठवू इच्छित होता; तो तेथील नागरिक झालेला असल्याने ती विदेशी देणगी ठरते आणि विदेशी अंशदान कायद्याखाली आमची नोंदणी नाही. 'काकांना भेट म्हणून पाठवतो, ते तुम्हाला देतील,' असे त्याने सुचवले. प्रेमाने सुचवले होते. पण पैसा सरांच्या खात्यातून फिरवण्याचे परिणाम आम्ही नुकतेच निस्तरले होते, आणि कायद्याला वळसा घालून आलेल्या पैशाने कोणाचाही शेक होऊ नये, अशी माझी भूमिका होती. आम्ही नकार दिला.

दुसरी अडचण : गुडघा

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, तीस किलोमीटरच्या धावेत, सरांच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ सुरू झाली. सपाटीवर ती सोसवे, उतारावर सोसवत नसे. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा जो पट्टा आहे, ज्याला धावणारे 'आयटी बँड' म्हणतात, त्याची ती तक्रार असल्याचे फिजिओथेरपिस्टांनी सांगितले. तीन आठवडे धावणे बंद, त्यानंतर जास्तीत जास्त पंधरा किलोमीटर, आणि उतार टाळायचा. पूर्ण धाव सुरू करता येईल, पण संपेलच असे नाही.

सरांची प्रतिक्रिया मला आजही अस्वस्थ करते. 'काका, एक लाख बत्तीस हजार माझ्या पायावर आहेत,' ते म्हणाले, 'मी गोळ्या घेऊन पळेन.' वेदनाशामक गोळ्या घेऊन चार-पाच तास धावण्याने मूत्रपिंडांवर ताण येतो आणि दुखापतीचा इशाराही दबतो, हे त्यांना माहीत होते. अकरा रुग्णांच्या राहण्याचा खर्च आपल्या एका सांध्यावर टेकलेला आहे, या जाणिवेने ते असे बोलत होते. ती जाणीव त्यांना माझ्या रकान्याने दिली होती. खात्याच्या प्रकरणात पैसा त्यांच्या नावावर अडकला होता. येथे तो त्यांच्या शरीरावर अडकला होता.

विश्वस्तांच्या बैठकीत दोन मते पडली. एक मत असे की लोकांना आत्ताच काही सांगू नये. सर धावतील, जेवढे होईल तेवढे होईल, नंतर हिशेब पाहू. दुसरे मत माझे होते आणि ते बहुमताने मान्य झाले. २६ डिसेंबरला सर्व ४१ जणांना पत्र गेले. त्यात दुखापतीची माहिती होती, धाव अपुरी राहण्याची शक्यता स्पष्ट लिहिली होती, आणि किलोमीटरची अट आम्ही आमच्याकडून मागे घेत असल्याचे म्हटले होते. आपली रक्कम पूर्ण द्यावी, कमी करावी किंवा वचन मागे घ्यावे, तिन्हींपैकी काहीही कळवावे. कोणताही पर्याय आम्हाला मान्य असेल. शेवटी तीन ओळींत शेक चुकण्याचे परिणाम लिहिले होते आणि ज्यांच्यासाठी हा पैसा आहे त्यांचे उपचार जानेवारीत नव्हे तर आजही चालू आहेत, याची आठवण दिली होती.

३३ जणांनी पूर्ण रक्कम कायम ठेवली, पाच जणांनी कमी केली, तिघांनी वचन मागे घेतले. १,३२,३०० पैकी १,१४,७०० रुपये आले, आणि त्यांतील बहुतेक धावेच्या आधीच. पत्र पोहोचवायला मी स्वतः विडी कामगारांच्या वस्तीत गेलो होतो, कारण तेथील पाच बायांनी मिळून एक कार्ड भरले होते. पत्र वाचून दाखवल्यावर त्यांच्यातील थोरल्या बाई म्हणाल्या, 'सर पळू देत नाहीतर बसू देत, आमी पैसं त्या बायांच्या भाड्याला दिलंय.' मी जे पानभर लिहिले होते ते त्यांना कार्ड भरतानाच कळलेले होते.

२१ जानेवारी २०२४

संक्रांतीच्या आठवड्यात सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. सर दरवर्षी बाराबंदी हा यात्रेचा पांढरा पोशाख घालून नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर चालतात. त्या वर्षी त्यांनी घराच्या दारातून हात जोडले. शुक्रवारी १९ तारखेला ते सकाळच्या वंदे भारतने मुंबईला गेले. त्याच दिवशी कुंभारीला रे नगरमधील कामगारांच्या घरांचा सोहळा होता आणि कार्ड भरणाऱ्या पाचही बाया तिकडे गेल्या होत्या, हे त्यांनी मला नंतर आनंदाने सांगितले.

धाव रविवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू झाली. गोळ्या घेतल्या नव्हत्या. चार मिनिटे धावायचे आणि एक मिनिट चालायचे, असा फिजिओथेरपिस्टांशी ठरवलेला क्रम होता. पाण्याच्या बाबतीत मीही एक गोष्ट शिकलो : मॅरेथॉनमध्ये गरजेपेक्षा जास्त साधे पाणी पिण्यानेही रक्तातील सोडियम घटून माणूस गंभीर आजारी पडू शकतो, म्हणून तहानेप्रमाणे प्यायचे. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम अंगावरच सुकतो. मुंबईत तो निथळत राहतो आणि नव्या माणसाला तहानेचा अंदाज येत नाही. सरांनी हे नीट सांभाळले. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून उतरताना कळ आली आणि गेली. परतीच्या वाटेवर, वरळी मागे टाकून हाजी अलीच्या अलीकडे, साधारण ३१ किलोमीटरवर ती पुन्हा आली आणि चालतानाही थांबेना. पुढे पेडर रोडचा चढ आणि त्यानंतरचा उतार बाकी होता. तेथील वैद्यकीय मदत केंद्रावर ते थांबले. अकरा वाजता त्यांचा मला फोन आला. ते रडत होते. मी त्यांना एवढेच सांगितले की पैसे सगळे जमा झालेले आहेत आणि शनिवारी दोन नवे रुग्ण खोलीत आले आहेत.

मंगळवारी सर शाळेत गेले आणि मुलांनी पदक मागितले. मुलांना त्यांनी फळ्यावर ४२.१९५ मधून ३१ वजा करून दाखवले, आणि उरलेले अंतर पाय बरा झाल्यावर धावेन, असे सांगितले.

हिशेब

एकूण जमा ३,१७,२०० रुपये झाली : पुन्हा भरलेले ४५,०००, सरांमार्फत वळवलेले ३८,९००, किलोमीटर-कार्डांचे १,१४,७००, डब्यांतील २७,३५० आणि थेट खात्यात आलेले ९१,२५०. हा तक्ता आम्ही छापून प्रत्येक देणगीदाराला दिला.

एका गृहस्थांचे समाधान मात्र झाले नाही. किलोमीटरला शंभर रुपये लिहिलेल्या या व्यापाऱ्यांनी ४,२०० रुपये धावेच्या आधीच भरले होते. धावेनंतर ते आले आणि न धावलेल्या अकरा किलोमीटरचे १,१०० रुपये परत मागू लागले. आमच्या पत्राला 'रक्कम कायम' असे उत्तर त्यांच्या मुलाने फोनवरून दिले होते, त्यांनी स्वतः पत्र वाचलेले नव्हते. काही विश्वस्तांना त्यांचा राग आला. मला तो आला नाही, कारण ते माझ्याच कार्डाची अट माझ्यासमोर ठेवत होते. परंतु न्यासाच्या खात्यात देणगी म्हणून आलेला पैसा न्यासाच्या उद्देशाखेरीज अन्यत्र वळवणे विश्वस्तांच्या हातात नसते, आणि तो पैसा तोवर एका रुग्णाच्या खोलीभाड्यात गेला होता. मी त्यांच्या दुकानात जाऊन पावती, पत्राची प्रत आणि खर्चाची नोंद दाखवली. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि पुढील वर्षीची देणगी देणार नाही असे स्पष्ट सांगितले. ते बदललेले नाहीत.

मे अखेरपर्यंत या निधीतून २२ रुग्णांची सोय झाली. पैशाअभावी त्यांच्यापैकी कोणाचाही शेक चुकला नाही. तिघींचे मात्र अन्य कारणांनी चुकले. दोघींच्या रक्तातील पेशी घटल्याने डॉक्टरांनीच उपचार काही दिवस थांबवले होते, त्याला इलाज नव्हता. तिसरी बाई मंगळवेढ्याकडची होती. फेब्रुवारीत तिकडे ज्वारीची काढणी सुरू झाली, सोबतची सून आणि मुलगा दोघेही शेतावर परतले, आणि एकटीने शहरात राहायची भीती वाटल्याने तीही त्यांच्याबरोबर गेली. खोली होती, जेवण होते, भाडे होते, सोबत नव्हती. सहा दिवसांनी आमचा कार्यकर्ता गावी जाऊन तिला घेऊन आला आणि उरलेल्या दिवसांत आमच्याच एका माजी रुग्णाची बहीण तिच्याजवळ राहिली.

पुढील हंगामाच्या कार्डावर किलोमीटरचा रकाना नाही. फक्त रक्कम, पॅन हवा असल्यास त्यासाठी जागा, आणि न्यासाचा क्यूआर कोड आहे. सरांचे नाव व छायाचित्र आहे, त्यांचा मोबाइल नंबर नाही. कार्ड छापून येण्याआधी आवाहन करायचे नाही, असा ठराव आम्ही केला आहे. सोबतीला राहणाऱ्या व्यक्तीला दिवसाची मजुरी द्यावी की नाही, यावर विश्वस्तांत अजून एकमत नाही. ती दिली तर एका रुग्णामागचा खर्च दुपटीजवळ जातो आणि त्याच रकमेत निम्म्याच रुग्णांची सोय होते. दिली नाही तर ज्वारीच्या काढणीला रिकाम्या होणाऱ्या खोल्या रिकाम्याच होत राहतील. माझे मत द्यावी असे आहे. मावशी त्या बैठकीला आल्या होत्या. त्या आता बऱ्या आहेत, शाळेत पुन्हा खिचडी शिजवतात, आणि सोबतीला राहायला सुट्टीत आपण तयार आहोत, मजुरी नको, असे त्यांनी सांगितले. मजुरीशिवाय त्यांना ठेवायचे नाही, असा आग्रह मी धरला आहे. तो विषय पुढच्या बैठकीत आहे.